निरवानिरव

मराठींत ‘निरवानिरव’ हा एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. परगांवीं जाणारा मनुष्य घराच्या किल्ल्या, देणेंघेणें, दुभत्या जनावरांची व्यवस्था हें सर्व ज्याचें त्याच्या स्वाधीन करून मग उंबरठा ओलांडतो, ती निरवानिरव. काशीयात्रेस निघणारे आमचे पूर्वज ती काटेकोरपणें करीत, कारण परत येण्याची शाश्वती नसे. परंतु ज्या यात्रेंतून कोणीच परत आलेला नाहीं, तिच्यापूर्वीं करावयाच्या निरवानिरवीचा विषय निघाला, कीं सुशिक्षित घरांतहि ‘अभद्र बोलूं नये’ असें म्हणून तो मिटविण्यांत येतो. मुंजीचा मुहूर्त सहा महिने आधीं काढणारीं घरें या एका कामाचा मुहूर्त मात्र काढीत नाहींत. याचा परिणाम मागें राहणाऱ्यांस कसा भोगावा लागतो व तो कसा टाळतां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

मोरोपंतांची बारामती आणि शेजारचें इंदापूर या दोन तालुक्यांतील एखादें मध्यम स्थितींतील घर वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. गांवांत जुना वाडा. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालीं थोडी बागाईत. माळेगांव, सोमेश्वर किंवा भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्याचा शेअर. बँकेंत मुदतीची ठेव. एखादी विम्याची पॉलिसी. थोरला मुलगा पुण्यास, धाकटा परदेशीं, मुलगी सोलापुरास दिलेली, आणि वाड्यांत वृद्ध पतिपत्नी. या घरांतील कर्ता पुरुष उद्यां गेला, तर वाडा कोणाचा, उसाचें पाणी कोणाच्या नांवावर मागावयाचें, ठेवीचा पैसा आईच्या हातीं केव्हां पडावयाचा, या प्रश्नांचें उत्तर घरांतील एकासहि नक्की देतां येत नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे शेजारपाजारचे लोक सरकारी कागद वाचून घेण्यास येतात. त्यांतील कित्येक सात-बाऱ्यांवर अद्यापि आजोबांचें नांव असतें, आणि तो कागद घेऊन आलेल्या नातवाचे केस पांढरे झालेले असतात.

आमच्या धर्मशास्त्रांत मृत्युपत्र हा प्रकारच नव्हता, ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल. चालुक्यांच्या राज्यांत, कल्याणी येथें, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्या मतें वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. हक्क जन्मानेंच मिळाल्यावर मरतांना लिहून द्यावयाचें तें काय उरलें? पुत्र नसल्यास दत्तक घ्यावा, विधवेनें एकत्र कुटुंबांत अन्नवस्त्र घेऊन रहावें, अशी ती व्यवस्था होती. एकत्र कुटुंब हाच त्या काळचा विमा होता. इंग्रजी अमदानींत मृत्युपत्राची चाल पडली. तरी १९२६ साल संपेपर्यंत आमच्या भागांत हिंदूचें तोंडी मृत्युपत्रहि चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून मात्र लेख आणि दोन साक्षी यांवांचून तें होत नाहीं.

पुढें कायदा झपाट्यानें पालटत गेला. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीनें झालेल्या १९३७ च्या कायद्यानें विधवेस पतीच्या मिळकतींत हयातीपुरता हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानें तिला पूर्ण मालकी दिली आणि पित्याच्या स्वतःच्या मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीनें बसविलें. वडिलार्जित मिळकतींत मुलीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं अविवाहित मुलींपुरता मानला व ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्व देशांत विवाहित मुलींसहि मिळाला. त्या दिवशीं पिता हयात असला पाहिजे अशी अट नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदलेल्या लेखानें किंवा न्यायालयाच्या हुकुमानें झालेली वाटणी यामुळें मोडत नाहीं. याच काळांत कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, आणि कुळकायद्याखालीं १ एप्रिल १९५७ पासून कसणारीं कुळें जमिनीचीं मालक ठरलीं. तेव्हां आज आमच्या बहुतेक घरांतून जें आहे, तें नोकरीच्या किंवा धंद्याच्या कमाईचें आहे. आणि स्वकष्टार्जित मिळकतीविषयीं मनास येईल तसें मृत्युपत्र करण्याची कायद्यानें पूर्ण मुभा आहे.

ज्यानें मृत्युपत्र केलें नाहीं, त्याची वाटणी कायदा करतो. ती कशी होते, याचें गणित सोपें आहे. वर वर्णिलेल्या गृहस्थाची सर्व मिळकत स्वकष्टार्जित असून त्याच्या मागें पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर चार सारखे हिस्से होतात. त्याची वृद्ध आई हयात असेल, तर पांच. तिचाहि हिस्सा तितकाच. एखादा मुलगा आधींच वारला असेल, तर त्याचा एक हिस्सा त्याची विधवा व मुलें यांस जातो. आतां वाडा व जमीन खरोखर वडिलार्जित धरूं आणि आई हयात नाहीं असें मानूं. प्रथम पिता, पत्नी, दोन मुलगे व मुलगी यांच्यांत कल्पनेनें वाटणी करून प्रत्येकास पांचवा हिस्सा द्यावयाचा. मग पित्याचा पांचवा हिस्सा उरलेल्या चौघांत वाटावयाचा. प्रत्येकाच्या पदरीं चौथा हिस्सा पडतो. अशा मिळकतीविषयीं पित्यास मृत्युपत्र करतां येतें तें केवळ आपल्या पांचव्या हिश्शापुरतें. सबंध वाडा थोरल्याला लिहून देण्याचा त्यास अधिकार नाहीं. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आजोबांकडून आलेली प्रत्येक वस्तु वडिलार्जित ठरत नाहीं. १९५६ नंतर वारलेल्या पित्याची स्वतःची मिळकत मुलास वारसाहक्कानें मिळाली असेल, तर ती त्या मुलाची स्वतःची समजली जाते, असा १९८६ सालचा निकाल आहे. म्हणून आपल्या मिळकतींत काय वडिलार्जित व काय आपलें, हें वकिलाकडून एकदां ठरवून घ्यावें.

या गणितांत सर्व अंक बरोबर आहेत. तरी त्यांत एक गोष्ट कोठेंच दिसत नाहीं. ज्या वृद्धेनें चाळीस वर्षें त्या वाड्यांत चूल पेटविली, तिला रहावयास त्या वाड्याचा चौथा हिस्सा मिळतो, आणि बाकीच्या तिघांपैकीं कोणीहि वाटणी मागूं शकतो. राहत्या घराची वाटणी मुलींस मागतां येऊं नये असें जें कलम होतें, तें २००५ सालीं निघालें. मुलांस तर ती नेहमींच मागतां येत असे. मुलें वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु परदेशांतील मुलास पैशाची निकड लागते, सुनांचे व जांवयांचे विचार निराळे असतात, आणि बारामतीसारख्या वाढत्या गांवांत वाड्याच्या जागेवर बांधकामवाल्याची दृष्टि असतेच. कायद्यास वारस कळतात. कोणास छपराची गरज आहे व कोणास नाहीं, हें कळत नाहीं. तें कळणारा मनुष्य एकच असतो, आणि त्यानें तें हयातींत लिहून ठेवावयास पाहिजे.

लिहावयाचें तर केव्हां, याचें उत्तर महाराष्ट्रांतील एका सुप्रसिद्ध प्रकरणांत आहे. पुण्याचे सरदार श्रीबाबामहाराज हे लोकमान्य टिळकांचे स्नेही. ७ ऑगस्ट १८९७ रोजीं पटकीच्या दुखण्यांत त्यांचा अंत झाला, आणि त्याच दिवशीं, अंथरुणावर, त्यांनीं मृत्युपत्र करून टिळक, दादासाहेब खापर्डे इत्यादि मित्रांस व्यवस्थापक नेमिलें. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा न झाला किंवा होऊन न वांचला, तर व्यवस्थापकांच्या संमतीनें दत्तक घ्यावा, असें त्यांत होतें. १८९८ च्या आरंभीं मुलगा झाला, आणि दोन महिन्यांच्या आंतच गेला. १९०१ च्या जूनमध्यें औरंगाबादेस जगन्नाथ यांचें दत्तविधान झालें. पुढें ताईमहाराजांचें मत फिरलें व १९०२ च्या ऑगस्टांत कोल्हापूरचे बाळामहाराज यांचें दुसरें दत्तविधान झालें. मग कज्जे सुरू झाले. टिळकांवर फौजदारी खटला होऊन १९०३ सालीं त्यांस शिक्षाहि सांगण्यांत आली. ती उच्च न्यायालयानें ४ मार्च १९०४ रोजीं रद्द केली. त्याच्या आधींच, १९०३ सालीं, ताईमहाराज निवर्तल्या होत्या. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला, आणि २६ मार्च १९१५ रोजीं विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलांत पहिलें दत्तविधान कायम झालें.

मृत्युपत्र करणारा सरदार, व्यवस्थापक टिळकांसारखे निष्कलंक व कायद्याचे जाणते, आणि तरीहि अठरा वर्षें! आमच्या मतें याचें मूळ वेळेंत आहे. शेवटच्या दिवशीं, वेदनेंत, घाईनें सांगितलेल्या मजकुरांत पुढच्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें मावत नाहींत. आणि ज्या तरुण विधवेचें सर्व आयुष्य त्या कागदावर अवलंबून रहावयाचें, तिच्याशीं निवांतपणें बोलण्यासहि वेळ उरत नाहीं. दुखण्यांत केलेला कागद कोणी ना कोणी संशयानें पाहतोच. म्हणून मृत्युपत्र धडधाकटपणीं करावें. पेन्शन सुरू होण्याचें वर्ष या कामास आम्हांस योग्य वाटतें. ज्याचीं मुलें लहान आहेत, त्यानें तर तितकेंहि थांबूं नये, कारण अज्ञान मुलांचा पालक कोण, हेंहि मृत्युपत्रांत लिहितां येतें.

त्याची रीत सोपी आहे. मृत्युपत्रास मुद्रांकाचा कागद लागत नाहीं. साधा पांढरा कागद पुरतो. करणारा वयांत आलेला व शुद्धीवर असला पाहिजे. त्यानें सही किंवा अंगठा करावा, आणि तो करतांना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनीं त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्या. पुढें न्यायालयांत त्यांपैकीं निदान एकाची साक्ष लागते. यासाठीं साक्षीदार आपल्याहून वयानें लहान, ओळखीचे, आणि मिळकतींत ज्यांस कांहीं मिळावयाचें नाहीं असे असावे. घरच्या डॉक्टरांनीं त्याच दिवशीं प्रकृतीविषयीं दाखला दिल्यास उत्तम. नोंदणी सक्तीची नाहीं. तरी दुय्यम निबंधकांच्या कचेरींत ती करावी, कारण मग कागद हरवला तरी नक्कल मिळते. मोहरबंद लखोटा जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीहि सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यांत आहे. मन पालटल्यास नवें मृत्युपत्र करतां येतें. शेवटचें तें खरें. म्हणून प्रत्येकावर तारीख घालावी.

साताऱ्यास जन्मलेले न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दिलेला या विषयावरील निकाल आजहि प्रमाण मानतात. ज्यास मृत्युपत्रानें मोठा लाभ होतो, त्यानेंच तें करविण्यांत पुढाकार घेतला असेल, तर संशय उत्पन्न होतो व तो दूर करण्याचा भार त्याच्यावरच पडतो, हें त्याचें सार. यांतून घ्यावयाचा धडा असा, कीं ज्या मुलास वाडा द्यावयाचा, त्याला वकिलाकडे बरोबर नेऊं नये. एखाद्यास कमी दिलें असेल, तर त्याचें कारण दोन ओळींत व सौम्य शब्दांत लिहावें. ‘मुलीच्या शिक्षणास व लग्नास पूर्वींच दिलें आहे’ एवढेंच लिहून तिला वगळणें मात्र आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. मुलांच्या शिक्षणासहि आपण दिलेलेंच असतें. पत्नीस घर द्यावयाचें, तर पूर्ण मालकीनें द्यावयाचें कीं हयातीपर्यंत राहण्याचा हक्क द्यावयाचा, हें स्वच्छ लिहावें. या दोहोंतील भेदावरून फार कज्जे झालेले आहेत. एवढें वाक्य तरी वकिलाकडून बांधून घ्यावें.

पुष्कळांची समजूत अशी, कीं बँकेंत नॉमिनीचें नांव दिलें म्हणजे झालें. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका घरोघरीं पोंचविणारे जयंत साळगांवकर २० ऑगस्ट २०१३ रोजीं निवर्तले. त्यांनीं २०११ सालीं मृत्युपत्र केलेलें होतें, आणि त्यांच्या कांहीं गुंतवणुकींवर नॉमिनीचीं नांवेंहि होतीं. नॉमिनीस ती रक्कम मालकीनें मिळते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजीं निकाल झाला, कीं नाहीं. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा आहे, मालकी वारसाहक्कानें किंवा मृत्युपत्रानें ठरते. विम्याच्या पॉलिसीविषयीं १९८३ सालीं असाच निकाल झाला होता. पुढें २०१५ सालीं विम्याच्या कायद्यांत पतिपत्नी, मुलें व आईबाप यांविषयीं निराळें कलम आलें. तरी नॉमिनीचें नांव अवश्य असावें, कारण त्यामुळें पैसा अडकून पडत नाहीं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीवर चारपर्यंत नांवें देतां येतात. नांव नसेल आणि मृत्युपत्रहि नसेल, तर मोठ्या रकमेसाठीं दिवाणी न्यायालयांतून वारसाचा दाखला आणावा लागतो; महाराष्ट्रांत त्यासाठीं १८२७ चें जुनें रेग्युलेशन अजून उपयोगांत आहे. दाखला येईपर्यंत आईचें औषधपाणी मात्र थांबत नाहीं. म्हणून एक खातें तरी पतिपत्नींचें असें असावें, कीं दोघांपैकीं मागें राहील त्यास तें चालवितां येईल. नॉमिनी व मृत्युपत्रांतील नांव एकच ठेवल्यास भांडणाचें बरेंच मूळ नाहींसें होतें.

जमिनीविषयीं निराळी दक्षता पाहिजे. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आंत वारसांनीं तलाठ्यास, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवावें असा महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचा १९६६ पासूनचा नियम आहे. त्यावरून फेरफार होऊन सर्व वारसांचीं नांवें सात-बाऱ्यावर चढतात. यानें वाटणी होत नाहीं, आणि सात-बारा हा मालकीचा अखेरचा पुरावाहि नव्हे. परंतु कर्ज, उसाची नोंद, पीकविमा, संपादनाचा मोबदला हीं सर्व कामें त्याच्यापाशींच अडतात. उजनीच्या पाण्याखालीं इंदापूर तालुक्यांतील गांवें गेलीं, त्या घरांना कागदाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

याच वेळीं दुसरा एक कागद पुढें येतो, तो बहिणीचें हक्कसोडपत्र. तेराव्याचें जेवण आटोपतांच, डोळ्यांचें पाणी सुकण्यापूर्वीं, तिच्या हातीं लेखणी देण्याची चाल आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. माहेर तुटेल या भीतीनें ती सही करते, आणि माहेर त्याच दिवशीं थोडें तुटतें. हक्क सोडावयाचा असेल, तर तो तिनें समजून, आपण होऊन व वर्षश्राद्धानंतर सोडावा. भावांनींहि त्यापूर्वीं तो विषय काढूं नये. पित्यानें आधींच लिहून ठेविलें असेल, तर ही पाळीच येत नाहीं.

आतां दोन शब्द गृहिणींकरितां. नोकरी करणाऱ्या, पेन्शन घेणाऱ्या, स्वतःच्या नांवानें ठेव असणाऱ्या स्त्रिया आज घरोघरीं आहेत; परंतु मृत्युपत्र हें पुरुषांचें काम, अशी त्यांची समजूत दिसते. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करितां वारली, तर तिची स्वतःची कमाई प्रथम पतीच्या वारसांकडे जाते, आईबापांकडे जात नाहीं. केवळ आईबापांकडून वारसानें आलेली मिळकत माहेरीं परतते. लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा होऊन सासरहून बाहेर पडलेल्या व माहेरच्या आधारानें शिकून नोकरी केलेल्या एका स्त्रीची सारी शिल्लक सासरच्या नातलगांस गेल्याचा निकाल २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच दिला. कायद्याचीं अक्षरें तशीं होतीं. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें हिंदू स्त्रियांनीं मृत्युपत्र करावें असें आवाहन केलें. एका पांढऱ्या कागदानें टळणारा हा अन्याय आहे.

कांहीं वडील मंडळी मृत्युपत्राऐवजीं हयातींतच बक्षीसपत्र करून देतात. महाराष्ट्रांत राहतें घर व शेतजमीन पतिपत्नी, मुलें व नातवंडें यांस बक्षीस देण्यास मुद्रांक अवघा २०० रुपयांचा असल्यानें मोह होतो. परंतु बक्षीसपत्र त्याच दिवशीं मालकी घेऊन जातें, आणि दिलेलें सहसा परत येत नाहीं. सांभाळ करण्याची अट लेखांत घातली असेल व ती मोडली, तर २००७ च्या कायद्याखालीं प्रांताधिकाऱ्यांपुढें दाद मागतां येते. तरी म्हातारपणीं मुलाविरुद्ध अर्ज घेऊन जाण्याची वेळ कोणावर कां यावी? आपलें छप्पर आपल्या नांवावरच ठेवून पुढचें मृत्युपत्रानें द्यावें, हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.

शेवटीं करावयाचें तें इतकेंच. एका वहींत मिळकतीची यादी करावी: गट क्रमांक, वाड्याचा सिटी सर्व्हे क्रमांक, खातीं, पॉलिसी, शेअर, लॉकर, आणि मोबाइल व संगणकाच्या परवलीचे शब्द कोठें लिहून ठेविले आहेत तें. कोणाचें देणें आहे व कोणाकडून येणें आहे, तेंहि लिहावें. पित्याचें ऋण फेडण्याचें पुत्राचें धार्मिक बंधन कायद्यानें २००५ सालीं काढून टाकलें. मिळालेल्या मिळकतीपलीकडे वारसांवर देण्याचा बोजा नाहीं. तरी सावकाराचें नांव मुलांस आपल्याकडून कळावें, हें बरें. वही कोठें आहे हें पत्नीस व निदान एका अपत्यास माहीत असावें. दिवाळींत मुलेंबाळें एकत्र येतात. भाऊबीज झाल्यावर एका दुपारीं सर्वांस बसवून आपला विचार सांगावा, त्यांचें ऐकून घ्यावें, आणि मग वकिलाकडे जाऊन कागद पुरा करावा. त्या दुपारीं थोडी अवघडल्यासारखी शांतता पसरेल, एखादी सून उठून चहा करावयास जाईल. ती शांतता सोसावी. पुढें मुलांनीं कोर्टाच्या व्हरांड्यांत एकमेकांकडे पाठ करून बसण्यापेक्षां ती पुष्कळ बरी.